नाल्यावरचं स्वयंपाकघर

आई,

तुझं स्वयंपाकघर आम्ही पाडलं. तुझ्या पाठोपाठ गेलेल्या आपल्या गल्लीतल्या दोन-तीन बायका तिकडे तुझ्या आसपासच असतील. त्यांतल्या कुणी तिखटमीठ लावून तुला सांगायच्या आत मीच सांगते. घर आहे तसंच आहे, दादा आणि वहिनी तिथंच राहतात. मागची पत्र्याची लांब खोली, जिच्यात तू पहाटेपासून दुपार टळेपर्यंत उभी असायचीस, तेवढी गेली. ती काढायचा आदेश महापालिकेच्या ज्या खात्यातून निघाला त्याच खात्यात तुझी मुलगी उपअभियंता आहे. तू असतीस तर मोर्चा घेऊन माझ्याच टेबलासमोर आली असतीस आणि मला पळता भुई थोडी झाली असती. तू नाहीस, म्हणून मला सगळं सलग सांगता येतंय. तू असताना तुझ्यापुढे कुणाला सलग बोलता आलं होतं?

ती खोली बांधली तेव्हा मी शाळेत होते. आप्पांच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीतली चार बिनलग्नाची पोरं आपल्याकडे जेवायला यायला लागली होती. चाराची दहा झाली, दहाची पंचवीस, आणि पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरेना. घराच्या मागे तेव्हा मोकळं रान होतं आणि त्यातून तो ओहोळ जायचा. आज आम्ही त्याला नाला म्हणतो, नकाशात त्याला नंबर आहे. तेव्हा उन्हाळ्यात त्यात शेळ्या चरायच्या. तू दुष्काळी नांदगावकडची. भांडी घासलेलं पाणी कढीपत्त्याला आणि तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, अशा घरात वाढलेली. घरामागून पाणी वाहतंय आणि त्यावरून कुणी भांडत नाही याचंच तुला किती दिवस नवल वाटत होतं. मी मागच्या दारात उभी आहे, हातात दप्तर आहे, आणि गवंडी तुला विचारतोय की दोन खांब थेट ओहोळात जातायत, चालेल का. तू पदर खोचून त्याला म्हणतेस, “पानी हाय कुठं त्यात? चार दिवस येतंय अन् जातंय. त्याच्यासाठी काय वर्षभर जागा सोडून बसू?” गवंड्याला ते पटलं. आप्पांना पटलं. मलाही पटलं. त्या वेळी आपल्या अख्ख्या ओळीत न पटणारा एकही माणूस नव्हता, कारण प्रत्येकाचं मागचं दार हळूहळू ओहोळाकडे सरकतच होतं. कुणी मोरी काढली, कुणी संडास, कुणी गाडी लावायला छप्पर. आपली खोली सगळ्यांत पुढे गेली एवढंच.

त्या खोलीचा वास मला अजून येतो. काळा मसाला भाजताना पहिल्या धुरात आम्ही सगळे शिंकायचो आणि तू मात्र नुसते डोळे बारीक करून पळी हलवत राहायचीस. ओट्याला कडाप्पा होता, एकसंध, लांबच लांब. तो तू कुठल्या तरी पडलेल्या हॉटेलातून स्वस्तात आणला होतास आणि आणताना टेम्पोत स्वतः त्याला धरून बसली होतीस. त्या ओट्यावर एका टोकाला भाकऱ्यांची चळत, दुसऱ्या टोकाला माझा अभ्यास. भूमितीच्या वहीला तेलाचे डाग पडले म्हणून बाईंनी मला वर्गाबाहेर काढलं होतं. दुसऱ्या दिवशी तू शाळेत येऊन बाईंना डबा दिलास आणि मग वर्षभर डागांवरून कुणी काही बोललं नाही.

आपल्या ओळीत नळाला पाणी येईनासं झालं होतं ते तुला आठवतं ना? तू दुपारचं काम उरकलंस, गल्लीतल्या बायका गोळा केल्यास आणि रिकामे हंडे घेऊन विभागीय कार्यालयात गेलीस. साहेब जेवायला गेलेत, थांबावं लागेल, असं शिपायानं सांगितलं. तू म्हणालीस, मग आम्हीपण जेवतो. जिन्याच्या खाली बैठक मारून तू भाकरी सोडलीस, ठेचा सोडलास, शिपायाला बोलावून पहिला घास त्याच्या हातावर ठेवलास. साहेब आले तेव्हा त्यांच्याच कार्यालयात पंगत बसलेली. ते रागावणार तोवर तू त्यांना म्हणालीस, “बसा साहेब, तुमचं जेवन झालं असंल तर पानी तरी प्या. आमच्याकडं नाय, तुमच्याच माठातलं हाय.” साहेब हसले. त्या आठवड्यात पाइप बदलला गेला. मला तेव्हा वाटलं की तक्रार करणं हीसुद्धा एक कला आहे आणि ती माझ्या आईला येते. मी पुढे स्थापत्य शाखेला गेले त्याची बरीच कारणं मी लोकांना सांगत असते, पण त्यातलं एक कारण तो पाइप होता.

नोकरी लागल्यावर तू एकदा मला न सांगता ऑफिसात आली होतीस. डबा द्यायला म्हणून आलीस, पण खरं तर खुर्ची बघायला. माझ्या टेबलापुढे चार-पाच माणसं उभी होती, त्यात एक म्हातारे गृहस्थ गटार तुंबल्याचं सांगत होते. तू मागे उभी राहून ऐकत होतीस, मला पत्ताच नाही. ते गेल्यावर तू पुढे आलीस आणि शिपायासमोर म्हणालीस, “तुला खुर्ची दिली म्हंजे लोकांनी उभं राहायचं, असं लिहिलंय का कुठं?” मी म्हणाले, आई, इथं जागाच नाही, खुर्च्या मागवल्यात, मंजूर व्हायच्यात. दोन दिवसांनी आपल्या खाणावळीतला सागवानी बाक डब्यांच्या टेम्पोतून माझ्या ऑफिसात उतरला. त्यावर बसून जेवलेल्या कामगारांनी तो इतका गुळगुळीत केला होता की लोक त्यावरून घसरायचे. माझ्या बदल्या झाल्या, इमारत बदलली, बाक माझ्याबरोबर फिरला. सामानाच्या नोंदीत तो कुठेच नाही, त्यामुळे दर वेळी नवीन शिपाई विचारतो, मॅडम, हा कुणाचा? मी सांगते, माझ्या आईचा, आणि तो पुसून ठेवायचा.

आता मुद्द्याचं. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. मी नाशिक रोडला एका कामावर होते. दादाचा फोन आला, तोही असा की पलीकडून नुसतं पाणी ऐकू येतंय. पोहोचले तेव्हा गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी होतं. वहिनींचे पिठाचे डबे तरंगत होते. हो, डब्यांचं काम आता वहिनी करतात. कंपन्यांतली पोरं आहेत, शिवाय भाड्यानं राहणाऱ्या नोकरदार मुली. तुझ्याइतकं तिखट नाही, पण भाकरी तुझ्यापेक्षा पातळ, हे मी दादासमोर बोलत नाही. आपल्या घराचं नुकसान झालं ते धान्याचं. खरी दैना मावशींची झाली. आपल्या वरच्या अंगाला शेजारी राहणाऱ्या तुझ्या मैत्रिणीबद्दल बोलतेय. मुलगी सासरी, एकट्याच असतात, गुडघे गेलेले. त्या पलंगावर बसून होत्या आणि पाणी पलंगाच्या पाट्यांपर्यंत आलं होतं. दादा आणि समोरच्या घरातली दोघं मिळून त्यांना खुर्चीत बसवून उचलून बाहेर आणत होते. त्या ओरडत नव्हत्या, रडत नव्हत्या, फक्त डोक्यावरचा पदर सावरत होत्या. तसं बघून मला जास्त भीती वाटली.

पाणी ओसरल्यावर आम्हाला नाल्याचं मोजमाप करायचे आदेश झाले. मी टेप आणि माणसं घेऊन वरच्या अंगापासून खाली येत गेले. नाला वर चांगला रुंद, मग हळूहळू आवळत येतो, आणि सगळ्यांत अरुंद कुठे, तर आपल्या मागच्या खोलीखाली. तुझ्या त्या दोन खांबांना वर्षानुवर्षांच्या पिशव्या, गाद्या, फांद्या अडून बसलेल्या. पाणी तिथं येतं, अडतं, फुगतं आणि मागे वळतं. मागे लगेच घर आहे ते मावशींचं. मला ते समजायला टेप लागला नाही. मी तिथं चिखलात उभी राहिले आणि माझ्या माणसांना म्हणाले, जरा चहा घेऊन या. मला थोडा वेळ कुणी समोर नको होतं.

मग मी मावशींकडे गेले. त्या ओल्या गाद्या उन्हात पसरत होत्या. मी विचारलं, घरात पाणी यंदाच आलं का? त्या म्हणाल्या, एवढं यंदाच, थोडं थोडं दरवर्षी येतं. मी विचारलं, मग कधी तक्रार का केली नाही, मी याच खात्यात आहे, मला नुसतं सांगायचं होतं. त्यांनी गादी उलटवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “माझे मालक गेले तेव्हा तुझ्या आईनं तीन महिने माझ्या घरात चूल पेटू दिली नाही. दोन्ही वेळचं ताट यायचं. त्या चुलीच्या भिंतीविरुद्ध मी अर्ज करू?”

आई, तू आयुष्यभर पाण्यासाठी, दिव्यासाठी, रस्त्यासाठी तक्रारी केल्यास. तुझ्याविरुद्ध करण्यासारखी एकच तक्रार होती आणि ती करणारी बाई तुझ्या हातचं जेवलेली निघाली. तुला हे माहीत नव्हतं, याची मला खात्री आहे. कळलं असतं तर तू काय केलं असतंस, यावर मी खूप विचार केला. कधी वाटतं, तू स्वतः पहार घेऊन खांब काढले असतेस. कधी वाटतं, नसते काढलेस. मावशींना म्हणाली असतीस की पावसाळ्यात माझ्याकडं राहायला ये, आणि तुझ्या दृष्टीनं प्रश्न मिटला असता.

मी आमच्या साहेबांकडे गेले आणि सांगितलं की यात माझं माहेर आहे, हे काम दुसऱ्या कुणाकडे द्या. साहेब निवृत्तीला आलेले, शांत माणूस. ते म्हणाले, तुमच्या घराचं मोजमाप दुसरे करतील, त्यावरची सहीही तुमची नसेल, पण नाला तुम्हीच करा, त्याला तुमच्याइतकं दुसरं कुणी ओळखत नाही. दुसऱ्या विभागातला एक तरुण अभियंता येऊन आपलं घर मोजून गेला. त्याचं आणि माझं माप जुळलं. खोली जवळजवळ सगळीच नाल्याच्या हद्दीत होती.

रीतसर नोटीस जायच्या आधी मी घरी गेले. वहिनी चपात्या लाटत होत्या. मला बघून त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं नाही. म्हणाल्या, “ताई, तुम्ही माहेरी आलात की साहेब म्हणून आलात, ते आधी सांगा. चहा पेल्यात द्यायचा की कपबशीत, ते ठरवते.” मी म्हणाले, पेल्यात द्या, पण बोलणं साहेबाचं आहे. मग मी दोघांना सगळं सांगितलं. खांब, पाणी, मावशींचं घर. दादा आप्पांवर गेलाय हे तुला माहीत आहेच, त्याला एक वाक्य बोलायला अर्धा तास लागतो. तो इतकंच म्हणाला, “आईनं बांधलंय ते.” आणि उठून मागे गेला. वहिनींनी विचारलं की डब्यांचं काय. रोजची पन्नास माणसं कुठं जेवतील, आणि त्यांच्या पैशावर चालणारं हे घर कसं चालेल. पर्यायी जागा देण्याची तरतूद घरासाठी असते, स्वयंपाकासाठी नसते. पेल्यातला चहा मी तसाच ठेवून निघाले. वहिनींनी मला अडवलं नाही.

पुढच्या आठवड्यात समाजमंदिरात बैठक ठेवली होती. साहेब, नगरसेवक, मी, आपली सगळी ओळ, आणि वरच्या टेकाडावर झालेल्या नव्या सोसायटीचे चेअरमन. ती सोसायटी तू पाहिली नाहीस. तिथं तुझ्या वेळी गवत होतं, ज्वारी व्हायची. आता चार उंच इमारती आहेत आणि खाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक. पडलेला थेंब जमिनीत जायची सोय नाही, तो सरळ उतारानं आपल्याकडे येतो. मी नकाशा लावला आणि सांगायला सुरुवात केली की नाल्याच्या काठावर किती अंतर मोकळं ठेवावं लागतं आणि का. दोन वाक्यं झाली असतील, मागून एक जण उठला आणि म्हणाला, “मॅडम, नियम आम्हाला सांगण्याआधी तुमच्या माहेरचं मोजा.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मोजलंय, असं मी म्हणणारच होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं वहिनी उभ्या राहिल्या. मला त्यांनी येणार असल्याचं सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, “आमचं मोजून झालंय. स्वयंपाकघर नाल्यात आहे आणि आम्ही ते काढणार आहोत. माझ्या सासूबाईंनी बांधलं तेव्हा वर शेत होतं. आता वरचं सगळं पाणी आमच्या अंगावर येतं. आमच्या ओट्यावर हातोडा पडायचा असेल तर आधी वरच्यांच्या फरशीवर पडू दे. मग आमच्याकडे या, मी स्वतः दार उघडून देते.” बोलून त्या खाली बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं. आई, त्यांचा आवाज तुझ्यासारखा नाही, त्या तुझ्यासारख्या कमरेवर हात ठेवत नाहीत, तरी समाजमंदिरातली सगळी म्हातारी माणसं एकमेकांकडे बघून मान हलवत होती.

चेअरमन म्हणाले की त्यांच्या सगळ्या मंजुऱ्या आहेत. मी म्हणाले, मंजुऱ्या आहेत आणि त्या मंजुरीतच लिहिलंय की प्लॉटवर पडलेलं पावसाचं पाणी प्लॉटमध्येच मुरलं पाहिजे. त्यासाठी शोषखड्डे दाखवले होते, ते कुठे आहेत? चेअरमन प्रामाणिकपणे म्हणाले की खड्डे असतील, पण पार्किंगखाली गेले असावेत, त्यांनाच बघावं लागेल. माणूस वाईट नव्हता. तोही तिथं फ्लॅट घेऊन आलेला, खाली काय पुरलंय ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग विषय आला पैशांचा. नाला रुंद करायचे पैसे होते, पण दोन्ही काठांना संरक्षक भिंत बांधायला पुरत नव्हते, आणि भिंतीशिवाय खोदला तर पुढच्या पावसात सगळ्यांची मागची जमीन खचली असती. साहेबांनी अंदाजपत्रकाचा कागद वाचून दाखवला. आपल्या प्रभागासाठी त्या वर्षी जी कामं धरली होती त्यात चौकातली स्वागत कमान होती. मावशी पुढच्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी नगरसेवकांना विचारलं, “कमानीतून स्वागत कुणाचं करायचं रे, पाण्याचं?” तो आपल्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला, लहानपणी तुझ्याकडून गूळ मागून खायचा. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, कमान राहू द्या, तिचे पैसे भिंतीला घ्या. लोक हसले, पण साहेबांनी ते लगेच टिपून घेतलं, कारण हसण्यात दिलेला शब्दसुद्धा सभेत दिलेला असतो. पुढे त्याचा प्रस्ताव झाला, तो या टेबलावरून त्या टेबलावर गेला, हिवाळा गेला, मंजुरी आली. लोकांना वाटतं आम्ही फाइलवर बसून असतो. बसलो असतो तर बरं झालं असतं, मी तिच्यामागे नुसती पळत होते.

सोसायटीचं काम आधी झालं. वहिनींनी बैठकीत घातलेली अटच तशी होती. पेव्हर ब्लॉक उचलले तेव्हा खाली शोषखड्डे सापडले, सिमेंटच्या पिशव्या आणि विटांच्या तुकड्यांनी गच्च भरलेले. ते साफ केले, गच्चीचे पाइप त्यात सोडले, कडेनं मातीचे पट्टे मोकळे ठेवले. चेअरमन आता पाहुण्यांना हौसेनं ते दाखवतात, जणू त्यांचीच कल्पना होती. मी काही बोलत नाही. नियम पाळणाऱ्याला तो आपलाच वाटायला लागला तर आपलं काम झालं.

मग आपली पाळी आली. सकाळी माणसं आली. दादानं त्यांना आधी बाजूला केलं, एकट्यानं आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी आत डोकावले तर तो ओट्याच्या खाली बसून छिन्नीनं कडाप्पा सोडवत होता. अजून शंभर वर्षं टिकेल, तुटता कामा नये, असं स्वतःशीच पुटपुटत होता. शेवटी चौघांनी मिळून तो अखंड बाहेर काढला आणि भिंतीला टेकवून ठेवला. मग पत्रे उतरवले. भिंत उघडी पडली तेव्हा चुलीच्या वर छतापर्यंत तुझ्या फोडण्यांचा काळा पट्टा दिसत होता, आणि त्यावर पहिल्यांदाच ऊन पडलं होतं. वहिनी म्हणाल्या, किती घासलं मी ते, कधी निघालं नाही. मग त्या हसल्या आणि हसता हसता आत निघून गेल्या.

डब्यांना एक दिवसाचाही खाडा झाला नाही. कारण मावशी. त्यांनी आदल्या दिवशी निरोप धाडला होता की माझ्याकडे दोन शेगड्यांचा ओटा आहे आणि मला एकटीला वाटीभर भात लागतो, तुझं सामान इकडे आण. पुढची खोली स्वयंपाकघर होईपर्यंत वहिनी महिनाभर मावशींच्या घरात स्वयंपाक करत होत्या. मावशी पलंगावर बसून कोथिंबीर निवडायच्या आणि वहिनींचं सगळं कसं चुकतंय, तुझ्या सासूची पद्धत कशी वेगळी होती, ते ऐकवायच्या. वहिनी म्हणतात, सासूबाई गेल्यावर इतकी बोलणी मी खाल्ली नव्हती. अजूनही रोज दुपारी त्या मावशींकडे जाऊन बसतात. आपल्या घरात आता दारातून आत आलं की थेट त्याच कडाप्प्याचा ओटा लागतो, पाहुण्यांना डब्यांच्या मधेच बसावं लागतं. दादाला आधी ते आवडलं नव्हतं. आता संध्याकाळी तोच तिथं बसून लसूण सोलतो.

मागे आता दोन्ही काठांना भिंत आहे. मधून नाला सरळ खाली नासर्डी नदीकडे जातो. मागच्या दारात उभं राहिलं की पलीकडचं सगळं दिसतं, तुझ्या वेळी दिसायचं तसं, फक्त शेळ्या नाहीत.

हे मी दुपारच्या सुट्टीत लिहितेय, केबिनचं दार लावून. दादाला वाचून दाखवावं असं सुरुवात करताना मनात होतं. आता दाखवणार नाही, वहिनींनाही नाही. घडी करून ठेवून देईन, कारण आता जे लिहिणार आहे ते माझ्या खात्यातल्या माणसानं कुणापुढे बोलू नये. यंदा पाऊस झाला, पण बेताचा. पाणी नाल्यातून निवांत जातंय, गल्ली कोरडी आहे, लोक भेटले की म्हणतात, मॅडम, काम चांगलं झालं. मी मान हलवते. पण आई, आमची खरी परीक्षा अजून झालेलीच नाही. हिशोब सगळे बरोबर आहेत, मी पुन्हा पुन्हा तपासलेत, तरी मला खात्री नाही. सगळं शहर म्हणतंय की आता पाऊस पुरे, आणि मी मात्र खिडकीतून आभाळाकडे बघत मनात म्हणते की एकदा यावा, तसाच, मागच्यासारखा धो धो. दिवसाउजेडी यावा, दादा घरी असताना, वहिनी मावशींजवळ बसलेल्या असताना. मला फक्त भिंतीशी छत्री घेऊन उभं राहायचंय आणि बघायचंय.